शिवणाला जाते

आमच्या गावात शिरताना ओढ्यावरचा साकव लागतो आणि साकवाच्या कठड्यावर मुलगे बसलेले असतात. खाण चालू होती तेव्हा ते ट्रक भरायची पाळी कधी येते याची वाट बघत बसायचे. खाण बंद झाली, वाट बघण्यासारखं काही उरलं नाही, तरी बसणं चालूच राहिलं. येणारेजाणारे त्यांना रिकामटेकडे म्हणतात. मीही म्हणायचे. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग नव्हता, हेवा होता. त्या कठड्यावर बसलेली मुलगी मी जन्मात पाहिली नाही. आम्ही साकवावरून फक्त चालत जायचो, तेही भराभर आणि हातात काहीतरी घेऊन. हात रिकामे दिसले की पहिला भेटणारा विचारणार, "खंय चल्लां गो?" आणि कुठे चालले याचं त्याला पटेल असं उत्तर तयार ठेवावं लागणार.

कॉलेज संपतासंपता सरकारच्या युवक देवाणघेवाणीच्या योजनेत माझी निवड झाली. साखळीला कॉलेजात आमच्या एक बाई होत्या, त्यांनी मागे लागून अर्ज करायला लावला होता. पणजीला मुलाखत झाली आणि काही आठवडे युरोपातल्या एका लहान शहरात जाऊन राहायचं ठरलं. तिकीट आपल्या सरकारचं, राहणं-जेवण तिथल्या नगरपालिकेचं. वडिलांचा ट्रक तेव्हा काजूच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून उभा होता आणि ते स्वतः मुरगावला बंदरात कामाला लागले होते. रविवारी घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, सरकार खर्च करून तुला तिकडे पाठवतं ते कशासाठी? मी मैत्री, संस्कृती, नेतृत्व असं पत्रकातलं काहीबाही बोलले. त्यांना ते पटलं नाही हे दिसत होतं, पण त्यांनी जाऊ दिलं. आईनं सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून दिलं. नेतृत्वाशी तिला कर्तव्य नव्हतं, मी तिकडे जेवणार काय, ही तिची काळजी होती.

त्या शहरातही एक खाण होती आणि तीही बंद पडलेली. आमच्या गटाला रोज दुपारी स्टेशनजवळच्या एका जागेत नेत. पूर्वीचं दुकान, आत दोन फाटके सोफे, टेबल टेनिसचं टेबल, चहाची किटली. शाळा सुटलेली, काम न मिळालेली मुलं-मुली तिथे येत. नगरपालिकेनं नेमलेली एक बाई ती जागा सांभाळायची. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, इथे काय शिकवता? म्हणाली, काही नाही. मग ही मुलं काय करतात? येतात, बसतात. आणि तुम्ही? ती म्हणाली, मीही बसते.

माझं डोकंच फिरलं. माझे वडील सगळं आयुष्य ट्रक चालवून आता बंदरात परक्यांच्या हाताखाली राबत होते आणि इथे सरकार एका धडधाकट बाईला बसायचा पगार देत होतं. रात्री आमच्या गटात मी यावर तावातावानं भाषण केलं. युवककार्य म्हणजे काहीतरी घडवणं, असं माझं ठाम मत होतं. ते मत मी पुढचे बरेच दिवस त्या फाटक्या सोफ्यावर बसून बाळगलं.

त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी येऊन बसायची. कोणाशी बोलत नसे. बाई तिला काही विचारत नसे, फक्त चहाचा कप समोर ठेवत असे. निघायच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी आपण होऊन माझ्याशी बोलली. तिची आई घर सोडून गेली होती आणि घरी वडिलांसमोर तिला रडता येत नव्हतं, एवढंच ती तुटक इंग्रजीत म्हणाली. मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले. तिनं डोळे पुसले आणि चहा प्यायली. त्या बाईनं हे सगळं लांबून पाहिलं आणि जागची हलली नाही. तेव्हा मला कळलं की ती काय काम करते. आणि हेही कळलं की इतक्या दिवसांत मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं, तू इथे कशाला बसली आहेस. मला फार हलकं वाटत होतं आणि त्याबरोबर घरची आठवण येऊन वाईटही वाटत होतं.

परत आल्यावर शाळेच्या सभागृहात माझं भाषण ठेवलं. बर्फाचे फोटो सगळ्यांना आवडले. बसायचा पगार घेणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली तेव्हा लोक पोट धरून हसले. घरी येऊन आई चुलीशी बसली आणि तिनं विचारलं, "ती बायल. कोण आयलें जाल्यार ती उठता?" कोणी आत आलं तर ती बाई उठून उभी राहते का, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, नाही, बसूनच असते. आमची आई दारातल्या सोप्यावर तांदूळ निवडत असली तरी कोणी पुरुषमाणूस अंगणात शिरला की उठते. मी ते लहानपणापासून पाहत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

योजनेचा नियम असा होता की परत आलेल्यानं आपल्या गावात काहीतरी करून दाखवायचं. मी ठरवलं, मुलींसाठी बसायची जागा करायची. रस्त्याच्या कडेला खनिजाचे ट्रक वजन करायचा जुना काटा होता आणि त्याला लागून कारकुनाची खोली. खाण बंद झाल्यापासून ती रिकामी होती. जमीन वडिलांच्या दोस्ताची, ज्यांना मी काका म्हणते. काका मला पुतणीसारखं वागवत, पण हे ऐकून चक्रावले. "चेडवांक जागो कित्याक? बसून कितें करतलीं तीं?" मुली बसून करणार काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारला होता. शेवटी, सरकारकडून भाड्यापुरती मदत आणलीस तर खोली वापर, नाहीतर मी ती टायरवाल्याला देणार आहे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सगळं त्या मदतीवर येऊन ठेपलं.

युवक मंडळांना अशी मदत मिळायची एक योजना होतीच. फक्त अर्जात उपक्रम लिहावा लागे आणि बसणे हा उपक्रम नव्हे. योजनेच्या कचेरीतल्या कारकुनांनीच सुचवलं, शिवणवर्ग लिही, मुलींचं पटकन मंजूर होतं. लिहिलं. दोन जुनी शिलाई मशीनं मागून आणली, पंखा आला, बसायला कदेलां, म्हणजे खुर्च्या आल्या. आणि दुपारी भांडी आवरून मुली येऊ लागल्या.

पहिले काही दिवस कोणाला नुसतं बसताच येईना. एक झाडूच घेऊन उठायची, दुसरी जनेलाची तावदानं पुसायची. मग हळूहळू जमलं. कोणी परीक्षेचं वाचायची, कोणी फोनवर गाणी लावायची, एक जण येऊन चक्क झोपायची. घरी दोन लहान भावंडं आणि अंथरुणाला खिळलेली आजी असलेल्या मुलीला दुपारची झोप म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून शिकले. मी मात्र त्या परदेशी बाईसारखी गप्प बसायला शिकले नाही, मधूनमधून मला कविता वाचून दाखवायची हुक्की यायची. मुली सोसून घेत.

गावात 'शिवणाला जाते' हा शब्द पक्का झाला. साकवावर कोणी हटकलं की, शिवणाला. घरी विचारलं की, शिवणाला. आता शिवणाला जाणाऱ्या मुलीनं कधीतरी काही शिवून दाखवायला हवं. त्यावर तोड निघाली. आमच्यापैकी एकीला खरंच शिवता येत होतं, तिनं निळ्या फुलांची एक उशीची खोळ शिवली. ती खोळ घरोघर फिरली. प्रत्येकीनं आपल्या आईला दाखवून शाबासकी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुढचीच्या हवाली केली. आम्ही यावर इतक्या हसायचो की पाव विकणारा पोदेरसुद्धा सायकल थांबवून आत डोकावायचा. एके दिवशी माझी आई मला पाव वाढतावाढता म्हणाली, "खोळ तरी बदलात गो. तीन घरांनी तीच पळयली." तीन घरांत तिनं तीच खोळ पाहिली होती. मला ठसका लागला. तिनं पाणी दिलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मग पाहणीचा दिवस आला. मदत पुढे चालू ठेवायची की नाही, ते या भेटीवर ठरणार होतं. अधिकारी बाई माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, हसऱ्या होत्या. मुली मशीनांभोवती उभ्या राहिल्या, टेबलावर ती खोळ घडी घालून ठेवली. बाईंनी खोळीचं कौतुक केलं, मग एका मुलीला म्हणाल्या, जरा चालवून दाखव. तिला सुई ओवता येईना. दुसरीलाही येईना. शिवता येणारी नेमकी त्या दिवशी मामाकडे धारगळला गेली होती. बाई सौम्यपणे म्हणाल्या, मग इतके महिने या मुली इथे करतात काय?

मी सांभाळून घेऊ शकले असते. शिक्षिका आजारी आहेत म्हणायचं, एवढं सोपं होतं. पण मुली माना खाली घालून उभ्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या, आणि ते बघून माझा ताबा सुटला. मी म्हणाले, "बसतात. या मुली इथे येऊन बसतात. मुलग्यांना साकव आहे, यांना ही खोली आहे."

बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मला कळतं तू काय म्हणतेस, पण मी हे लिहू कुठे? त्यांचं काही चुकलं नव्हतं. मदत बंद झाली, आणि ते मला जाऊन काकांना सांगावं लागलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं आणि रडले. तोंड जरा आवरलं असतं तर खोली राहिली असती, काका परवा दुपारी टायरवाल्याला जागा दाखवायला आणणार आहेत, असं सगळं बोलून टाकलं. आई पदराला हात पुसत ऐकत होती. मला वाटलं होतं ती ओरडेल, पण ती नुसती मागीलदारी निघून गेली.

टायरवाला यायच्या त्या दुपारी मुली मशीनं परत द्यायच्या तयारीला लागल्या होत्या. मी खोळ पिशवीत भरत होते, तेवढ्यात आई आली. तिच्याबरोबर शेजारच्या दोघी. आईच्या हातात कळशी नव्हती, पिशवी नव्हती, काही नव्हतं. मी विचारलं, घरी काही झालं का? ती म्हणाली, काही नाही. आणि जनेलाजवळच्या कदेलावर बसली. त्या दोघीही बसल्या.

थोड्या वेळानं काका टायरवाल्याला घेऊन दारात आले. आईचा हात सवयीनं गुडघ्यावर गेला, ती अर्धी उठली. माझ्याकडे किंवा आणखी कोणाकडे न बघता तिनं तो हात उचलला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा टेकून बसली.

काकांनी हे पाहिलं. मुलींना त्यांनी सहज बाहेर काढलं असतं, पण दोस्ताच्या बायकोला कसं सांगणार? जरा चाचरत त्यांनी विचारलं, "वयनी, कितें काम आशिल्लें?"

"काम कांय ना, भावजी," आई म्हणाली. "बसल्यां."