लांब पल्ल्याला तापणारी गाडी

आमची गाडी फक्त लांबच्या प्रवासात तापायची. प्रवास लांबचा आहे हे तिला कसं कळतं, हे शोधून काढायला मला अडीच वर्षं लागली. आणि मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं आहे.

नगरमध्ये, सावेडीतल्या घराजवळ, ती अगदी शहाण्यासारखी वागे. भाजीला न्या, दवाखान्यात न्या, काटा मधल्या रेघेवर. पण नगर सोडून वीस किलोमीटर झाले की काटा लाल रेघेकडे सरकायचा आणि बॉनेटमधून वाफ यायची.

"अठरा वर्षांची झाली. या वयात जरा समज यायला हवी," मी म्हणायचो.

"काहींना साठीतही येत नाही," आमची सौ. माझ्याकडे न बघता म्हणायची.

शेवटी मी वही घातली. (मास्तर निवृत्त होतो, वही होत नाही.) तारीख, अंतर, ऊन, गाडीतली माणसं आणि त्यांची अंदाजे वजनं! या शेवटच्या रकान्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तो मिटवायला मी तिच्या आग्रहाचाही एक रकाना आखला : 'निघताना पूजा केली का?'

वही घेऊन मी बबनराव मिस्त्रींकडे जायचो. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. गाडी तापली. पाण्याचा पंप बदलला. गाडी तापली. रेडिएटरचं झाकण, पंख्याची मोटर, सगळे पाइप... तापली, तापली, तापली! वैतागून एकदा ते स्वतः गाडी घेऊन थेट श्रीगोंद्याला जाऊन आले. काटा जागचा हलला नाही.

"सर, एक बोलू का? राग मानू नका," हात पुसत ते म्हणाले. "आता गाडीत जुना पार्ट एकच राहिलाय."

"कोणता?"

"डायव्हर!"

मी तेही वहीत लिहून घेतलं.

अशात भाचीचं, मृणालचं, लग्न ठरलं. स्थळ श्रीगोंदा, मे महिना, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. आणि मुलीला मांडवात आणायची ती मामानं. बहिणीनं, कुसुमनं, आठवडाभर आधीपासून फोनचा सपाटा लावला.

"दादा, तू एस्टीनं ये."

"सख्खा मामा एस्टीनं येतो होय? गाडीनंच येणार!"

"मग वेळेत ये. नाहीतर आपला चुलतभाऊ सुरेश आहेच. तो आत्तापासून फेटा बांधून बसलाय."

हे मात्र मला झोंबलं. मृणालला सायकल मी शिकवली होती, आणि तिला मांडवात सुरेशनं न्यायचं?

त्या दिवशी आम्ही साडेआठलाच निघालो. निघण्याआधी रीतीप्रमाणे गाडीची पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू आणि तोंडाला झेंडूचा हार. वडिलांच्या बैलगाडीपासूनची ही रीत; लांब जायचं तर हार हवाच. गाडी तापायला लागल्यापासून सौ. प्रत्येक खेपेला हाराचा एकेक पदर वाढवत होती. या वेळी पदर सात झाले. पुढची सगळी जाळी, नंबरप्लेट आणि एक दिवा त्यात दिसेनासा झाला. मी विज्ञानाचा माणूस, माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मी फक्त तो सुतळीनं घट्ट बांधून दिला.

अरणगाव गेलं आणि काटा उठला.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "हीटर लावायचा. म्हणजे इंजिनची उष्णता आत येते."

"मे महिन्यात?"

"शास्त्र आहे!"

शास्त्र खरंच आहे. उष्णता आत आली. इंजिन निवलं नाही, आम्ही मात्र शिजलो. मी फेट्यात आणि कोटात, ती पैठणीत. खिडक्यांतून लू, पायांशी हीटर. तिची पावडर ओघळून गळ्यातल्या हारापर्यंत आली होती, आणि ती एक शब्द बोलत नव्हती. तिच्या गप्प राहण्याची मला काट्यापेक्षा जास्त भीती वाटते.

विसापूर फाट्याच्या अलीकडे गाडीनं अंग टाकलं. वाफ, शिट्टी, शांतता. आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. तापलेलं झाकण उघडता येत नाही, थांबावंच लागतं. थांबलो, पाणी घातलं, निघालो, दोन किलोमीटरवर पुन्हा थांबलो. असं तीनदा झालं. पावणेबाराला फोन आला.

"दादा, कुठंयस?" कुसुम रडवेली झाली होती. "सुरेश मुलीच्या खोलीबाहेर येऊन उभा राहिलाय रे!"

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात सौ. किंचाळली, "अहो, हार! देवाचा हार!"

आठ-दहा शेळ्या गाडीच्या तोंडाशी भिडल्या होत्या. एक तर मागच्या पायांवर उभी राहून सातवा पदर खात होती! मी धावेपर्यंत सुतळी आणि चार देठ उरले.

शेळ्या राखणारी म्हातारी काठी टेकत आली. "शिव्या नका दिऊ ओ पाव्हनं. मुकं जनावर हाय."

"अहो आजी, आधीच गाडी तापलीय, त्यात हा अपशकुन!"

"तापंल न्हाई तर काय हुईल?" ती सुतळीकडे बघत म्हणाली. "तिच्या तोंडाला येवढं मुसकं कशाला बांदल्यालं? वारा कुठनं घिल ती? आमी उनात बैलाला बी असं बांदत न्हाई!"

मी वही काढली. गाडी तापली त्या प्रत्येक ओळीत, 'पूजा केली का?' या रकान्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात 'होय'. बबनरावांच्या श्रीगोंद्याच्या खेपेपुढे 'नाही'. गॅरेजात नेताना हार मीच काढून ठेवत असे, ग्रीसचे हात लागायला नकोत म्हणून. आणि नववीच्या मुलांना मीच शिकवत आलो की वारा लागला की वस्तू निवते.

पुढची वाट काटा मधल्या रेघेवर ठेवून आम्ही कापली. मांडवात शिरलो तेव्हा भटजी माइकवर म्हणत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं... मुलीचे कोणतेही मामा चालतील!"

सुरेशनं हात पुढे केलाच होता. मी धापा टाकत मृणालचा दंड धरला.

"मामा," ती हळूच म्हणाली, "केवढे तापलायत तुम्ही!"

आता गाडी कितीही लांब न्या, तापत नाही. मात्र हाराशिवाय घरातून निघायला सौ. तयार नाही आणि जाळीवर बांधायला मी तयार नाही. त्यामुळे तडजोड म्हणून सातपदरी हार माझ्याच गळ्यात असतो. टोलनाक्यावर परवा एकानं वाकून विचारलं, "साहेब, निवडून आलात का?"

"नाही," मी म्हणालो. "एका शेळीकडून पडलोय."