कवड्यांनी निवडलेला राजा

"राजाचा हुकूम मोडता व्हय रं? मुंडकी उडतील!" गोष्टवाला असा ओरडला की तेर गावची कुत्री पार बेंबळी गावापर्यंत पळाली असतील. दुष्काळी कामावर खडी फोडताना तो रोज आम्हाला गोष्टीत घालायचा. उद्याचे प्रसंग धुळीत रेघा ओढून आखायचा, सोंगं कवड्या टाकून वाटायचा. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही.

त्या दिवशी बौद्धवाड्यातला एक मजूर राजा झाला. त्यानं हुकूम दिला, सगळ्यांनी एकाच रांजणातून पाणी घ्यायचं. आम्ही साठ जणांनी "जी महाराज" म्हणत मुजरे केले.

जेवणाची सुट्टी झाली. राजा रांजणाकडं निघाला, तसं आम्हीच त्याला लांब बसवून ओंजळीत वरून पाणी ओतलं. गोष्टवाल्यानं सगळं पाहिलं.

मी विचारलं, "उद्या राजा काय करणार?"

भाकरी मोडत तो म्हणाला, "उद्या राजा दुसरा हाय."