खूण न केलेलं काम

बिरदेव खोली बघायला आला तेव्हा त्यानं नळ बघितला नाही, खिडकी बघितली नाही. पहिलं विचारलं, "काकू, हितं लाईट कितीदा जाती?" मला वाटलं, उकाड्याला भीत असेल. तसं नव्हतं. त्याच्या कॉम्प्युटरवर एकेक गणित चार-चार दिवस चालायचं. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मिरजेतल्या माझ्या माडीवर तो सहा वर्षं राहिला. बटणावर त्यानं 'बंद करू नये' असा कागद चिकटवला होता, आणि त्या बटणाला मी देवाच्या दिव्यासारखं जपलं.

जतकडच्या धनगराचा मुलगा. कॉलेजात तासांवर शिकवायचा आणि तिथल्या विभागप्रमुखांच्या हाताखाली वायूंवर संशोधन करायचा. म्हणजे नेमकं काय रे, असं मी शंभरदा विचारलं असेल. कधी वैतागला नाही. "दाट हवा कळपासारखी जाती, काकू. कळप कुठं निघाला तेवढं बघितलं की भागतंय. पार वर, उपग्रह फिरत्यात तिथं, हवा लय विरळ. तिथं कळपच न्हाई. एकेक कण सुटा. कुठं जातोय, कुणाला धडकतोय, सगळं येगळं बघाय लागतंय." अशा लाखो कणांमागं तो माझ्या माडीवर बसून फिरायचा.

त्याचे वडील, आबा, दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडं निघायचे आणि वाटेत माझ्याकडं चहाला थांबायचे. मेंढरांच्या पाठीवर ते लाल रंगाचा पट्टा ओढतात. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी ओळखू यावीत म्हणून. एकदा चहा पिता पिता त्यांनी लेकाला विचारलं, तुझ्या कामावर खूण केलीस का? बिरदेव हसला. "सरांकडंच दिलंय की, आबा. परक्याच्या कळपात थोडंच सोडलंय."

सगळा प्रोग्रॅम त्यानं पेनड्राइव्हवर घालून सरांच्या हातात दिला होता. आत कुठं स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी सरांचा शोधनिबंध परदेशात छापून आला. लेखक एकटे सर. बिरदेवचं नाव शेवटी, आभारात: टंकलेखनासाठी. आभार मानायला मात्र ही मोठी माणसं विसरत नाहीत.

त्यानं तक्रारीचा अर्ज लिहिला आणि आधी मला वाचून दाखवला. मी मोठी शहाणी. म्हटलं, मोठ्या माणसाशी वाकडं घेऊ नकोस बाबा, तुझी नोकरी कायम व्हायची आहे, लग्न व्हायचं आहे. त्यानं अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. कायमची जागा निघाली तेव्हा सरांनी ती दुसऱ्यालाच दिली.

सामान टेम्पोत भरून झाल्यावर तो पाया पडायला आला. मी म्हटलं, माझं चुकलं रे.

"तुमी आईगत सांगितलं, काकू," तो म्हणाला. "म्हणून तर ऐकलं."

आता तो गावाकडं शिकवण्या घेतो. फोन केला की माझ्या गुडघ्यांचं विचारतो, हवेचं नाव काढत नाही. यंदा दसऱ्यानंतर दारावरून मेंढरं चालली होती, पाठीवर तोच लाल पट्टा. मी चहा टाकला आणि दारात येऊन उभी राहिले. आबांनी माझ्याकडं बघितलं, आणि मेंढरं हाकत पुढं गेले.