कोड न टाकणारी गिऱ्हाइकं

माझ्या थोरल्या दिरांइतका आकड्यांवर संशय घेणारा आणि माणसांवर विश्वास टाकणारा गृहस्थ उभ्या पुण्यात सापडायचा नाही. आणि संशयी माणसांची पुण्यात काही टंचाई नाही. आयुष्यभर कारखान्यात माल तपासण्याचं काम केल्यामुळे त्यांना पाहुण्यांनाही उलटसुलट करून बघायची सवय लागली होती. नारायण पेठेतल्या घरून मी भाजणी ऑनलाइन विकू लागले, मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्या तिघींना जाहिरातीचं काम दिलं, तेव्हा कुणामुळे किती विक्री होते ते बघायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. पद्धत साधी होती. प्रत्येकीला एक कोड; गिऱ्हाइकानं तो टाकला की त्याला सवलत आणि आपल्याला कळणार, की हे गिऱ्हाईक कुणी आणलं.

भाऊजींना ते पटेना. "अगं, कोड काय सांगणार? माणसाला विचारावं." म्हणून ते एकेका गिऱ्हाइकाला फोन करत. कोथरूडच्या एक बाई ओरडल्या, "मी ओटीपी देणार नाही!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "ओटीपी राहू दे ताई, कारण द्या." पुढे पाऊण तास बोलणं चाललं, आणि त्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करावं हेही ठरलं. एकानं सांगितलं, घरी भाजणी भाजणारी आई गेली म्हणून मागवली. भाऊजींनी 'कुणामुळे' या रकान्यात लिहिलं, 'आई'. मी कपाळावर हात मारला.

तिघींपैकी एक वाघोलीला राहायची. यवतमाळकडची, नवरा कारखान्यात. एका खोलीच्या घरात थालीपीठ थापत वऱ्हाडीत गप्पा मारायची. तिचा कोड महिन्यात चौघांनीच टाकला, म्हणून मी तिचं काम बंद करायला निघाले. भाऊजी कागद घेऊन आले. "थांब. फोनवर निम्मे लोक हिचंच नाव घेतात. कोड विसरतात, पण हिला नाही विसरत."

त्या दिवशी मी घाईत होते. पाकिटं भरणाऱ्या बायकांसमोर म्हणाले, "भाऊजी, तुमच्या गप्पांवर धंदा चालत नाही."

"बरं," ते म्हणाले. कागदाची नीट घडी केली, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या मुलीचं काम मी बंद केलं, आणि दोन महिन्यांत मागणी ओसरली. शेवटी मीच फोन करायला बसले. पहिल्याच बाईंनी विचारलं, "ती वाघोलीची मुलगी दिसत नाही हल्ली?" तिसऱ्यांनीही तेच विचारलं. मी त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आता मी कंपनीत लागली ताई, वेळच नाही भेटत. काका मात्र फोन करून विचारतात, बरी आहेस ना म्हणून."

संध्याकाळी कसबा पेठेत भाऊजींच्या घरी गेले. दारातच म्हणाले, "चुकलं माझं. तुमचंच खरं होतं. परत या."

ते मनापासून हसले. रागाचा मागमूस नव्हता. असता तर बरं झालं असतं. "अहो, त्यात काय एवढं! व्यवसाय तुमचा, निर्णय तुमचा. या ना, बसा. चहा घेणार?"

लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. मी बसले. चहा उत्तम झाला होता, आणि तो संपेपर्यंत त्यांनी मला काहीच विचारलं नाही.