मिनाराखालचे पांढरे दगड

श्यामसुंदर उकिडव्यांनी जागा सांगितली की ती तपासून बघायची गरज नसते, असं नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत सगळे मानत. वय छप्पन्न. नोकरी ऐरोलीला, नकाशे करणाऱ्या एका कंपनीच्या मागच्या कचेरीत. पडद्यावर चुकीच्या इमारतीवर पडलेली खूण उचलायची आणि बरोबर इमारतीवर नेऊन ठेवायची, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. शनिवार-रविवार हेच काम ते घाटात आणि किनाऱ्यावर हौसेनं करायचे. कुठल्या वळणावर समुद्र पहिल्यांदा दिसतो, तिथे गाडी कुठे लावायची, किती वाजता ऊन पाठीशी येतं आणि उभं नेमकं कुठे राहायचं, हे सगळं त्यांच्या वहीत असे. फोटो काढायला जागा हव्या असलेली सोसायटीतली माणसं त्यांच्याकडे येत. वर्षातून दोन-तीनदा पाच-सहा गाड्या त्यांच्या मागे निघत.

त्यांची जागा शोधायची पद्धत साधी होती. फोनवर बघायचं नाही. एसटीच्या ड्रायव्हरला विचारायचं, चहाच्या टपरीवर विचारायचं, डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईला विचारायचं, "ताई, तुम्ही दम खायला कुठे थांबता?" बाई जिथे थांबते तिथून बहुतेक वेळा चांगलं दिसतं, असा त्यांचा अनुभव होता.

दुसरी एक सवय होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. फोटो काढण्याआधी ते जागा साफ करत. चिप्सची पाकिटं, बाटल्या, झाडाला अडकलेल्या पिशव्या, सगळं पोत्यात भरून परत आणत. अलीकडे घाटात आणखी एक पीक आलं होतं. लोक दगडावर दगड रचून ठेवत, फोटो काढत आणि निघून जात. ताम्हिणीत एका सकाळी उकिडव्यांनी असे एकतीस ढीग मोजून पाडले होते. बायको अरुणा गाडीत बसून म्हणाली होती, "डोंगरालासुद्धा तू झाडू मारणार का रे?"

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, ते पाच गाड्या घेऊन माणगावमार्गे म्हसळ्याचा घाट उतरले आणि श्रीवर्धनच्या अलीकडे आत वळले. तिथल्या एका लहान वाडीत रज्जाक नावाच्या मच्छीमाराचं घर त्यांनी दोन वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. रज्जाकची बायको करिमुन्निसा आगाऊ सांगितलं तर तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण करून देई. मुलगा हमझा अठ्ठावीस वर्षांचा, बापाबरोबर होडीवर जाणारा. उकिडव्यांना या घरात कोणी साहेब म्हणत नसे. "श्यामभाऊ, पयला जेवा, मंग फोटो," असं करिमुन्निसा दारातूनच ओरडे.

जेवण व्हायला वेळ होता, तेवढ्यात ते सगळ्यांना घेऊन खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेल्या सोंडेवर गेले. तिथून खाडी, समुद्र आणि मागे वाडी असं तिन्ही एका नजरेत येई. सोंडेच्या टोकाला, कातळावर, सात दगड एकावर एक रचलेले होते. कमरेएवढे उंच. वर चुना मारलेला.

"बघा," उकिडवे म्हणाले, "इथेही पोचले. आणि चुनासुद्धा लावलाय. लग्नाआधीचं शूटिंग केलं असणार कोणीतरी."

सोसायटीचा सेक्रेटरी रणजीत हसला. "काका, मग काय, अतिक्रमण हटाव?"

"हटाव."

आधी त्यांनी सवयीप्रमाणे जागा होती तशी एक फोटो काढून ठेवला. तुलनेसाठी ते असे आधीचा आणि नंतरचा दोन फोटो काढत. मग रणजीतनं आणि त्यांनी दगड उतरवले. सहा दगड कातळाच्या कडेला ओळीनं मांडले, बसायला बरे. सातवा, सगळ्यात वरचा, लहान होता. तो उकिडव्यांनी पायानं खाली ढकलला. तो दोनदा आपटला आणि पाण्यात गेला. पांढऱ्या दगडांवर सोसायटीच्या बायका बसल्या, मागे मोकळा समुद्र. फोटो फार चांगला आला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पुढच्या ट्रिपसाठी एकटेच पुन्हा गेले. रज्जाकच्या अंगणात होडी उपडी पडली होती. एका बाजूच्या दोन फळ्या फुटून आत गेल्या होत्या. ओटीवर हमझा बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. त्याची बायको अफिफा त्याला ताटलीतलं भरवत होती आणि तो लाजून मान फिरवत होता.

"काय झालं हे?"

"निशानी पाडली कोनीतरी," रज्जाक म्हणाला. "सोंडेवरची."

मग त्यानं समजावून सांगितलं, जसं शहरातल्या पाहुण्याला सांगतात तसं, हातवारे करून. खाडीच्या तोंडात दोन खडक, भरतीत दोन्ही पाण्याखाली. मधे होडीपुरती वाट. समुद्रावरून येताना सोंडेवरची पांढरी निशाणी मागच्या मशिदीच्या मिनाराच्या बरोबर खाली आणायची, की होडी वाटेवर. रज्जाकच्या आजोबांनी ते दगड लावले होते. दरवर्षी पावसाळा सरला की घरातला कोणीतरी जाऊन चुना मारून येई. नोव्हेंबरात एका संध्याकाळी हमझा परत येत होता, निशाणी दिसेना. त्यानं अंदाजानं होडी आत घातली.

"आमाला वाटायचा, लोकांना कळंल. चुना मारलेला दगड कोन उगाच ठेवील?" करिमुन्निसा आतून बोलली.



"श्यामभाऊ," रज्जाकनं विचारलं, "तुमी फिरता, फोटो काढता. तुमाला दिसला का तिथं कोन? तुमी आलाव त्याच्या चार दिस नंतरची गोष्ट. मधी वारा होता, होडी कोनी काढली नव्हती."

उत्तर द्यायला फार वेळ नव्हता. कोणी डोळ्यांत बघत होतं असंही नाही. रज्जाक होडीकडे बघत होता. उकिडवे म्हणाले, "नाही. आम्ही होतो तेव्हा तर... लक्षात नाही आलं."

"टूरिस्ट लोक असतील," हमझा म्हणाला. "एक नंबरचे हरामी." मग पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून घाईनं, "तुमी नाय हो. तुमी तर कचरा उचलून नेता."

निघताना करिमुन्निसानं नेहमीसारख्या सहा भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. "अरुणावयनीला सांगा, हमझाचा हात बरा झाला की येऊन जा."

घाट चढताना उकिडव्यांनी दोनदा गाडी थांबवली. दुसऱ्यांदा त्यांनी फोन काढून तो आधीचा फोटो उघडला. कातळावरची एक काळी भेग आणि तिच्या उजव्या कडेला बरोबर टेकलेला खालचा दगड. मागे मिनार. जागा इतकी स्पष्ट होती की कचेरीत कोणी अशी खूण दिली असती तर ती त्यांनी न तपासता पास केली असती. रज्जाकनं सांगितलं होतं की दगड वाडीतल्यांनी परत रचले, पण नेमके कुठे होते ते कोणालाच सांगता येईना. ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा होडीतून जुळवून बघितलं, पण जुळेपर्यंत होडी सरकते. तीनदा लावले, तीनदा हलवले. आता लोक भरती पूर्ण चढून खडकांवर होडीपुरतं पाणी यायची वाट बघत बाहेर थांबत.

जे वाडीला हवं होतं ते उकिडव्यांच्या हातात होतं. दाखवायचं तर हेही सांगावं लागणार होतं की दगड कोणी पाडले आणि तासाभरापूर्वी खोटं कोण बोललं. त्यांनी फोन बंद केला. भाकऱ्या घरी अरुणानं एकटीनं खाल्ल्या. "तुला काय झालं?" तिनं विचारलं. "ॲसिडिटी," ते म्हणाले.

जानेवारीत सोसायटीचं कॅलेंडर निघालं. पहिल्याच पानावर त्यांचा फोटो. मोकळा समुद्र, पुढे पांढऱ्या दगडांवर बसून हसणाऱ्या बायका. खाली बारीक अक्षरांत 'छायाचित्र : श्यामसुंदर उकिडवे'. एकशे चाळीस घरांत ते लागलं. लिफ्टसमोर लागलं, वॉचमनच्या केबिनमध्ये लागलं, समोरच्या दाताच्या डॉक्टरकडे लागलं. दात दाखवायला खुर्चीत आडवं पडल्यावर नेमकं ते समोर येई. "काका, हे कुठलं हो?" सगळे विचारत. "श्रीवर्धनच्या बाजूला," एवढंच ते सांगत. पत्त्याच्या बाबतीत इतकं मोघम ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं पान त्यांनी पाच जानेवारीलाच उलटून फेब्रुवारी केलं. अरुणानं ते परत फिरवलं. "गॅसची तारीख लिहिलीय त्यावर," ती म्हणाली.

बारा तारखेला तिसऱ्या मजल्यावरची अस्मिता त्यांना जिन्यात भेटली. त्या फोटोत मधोमध बसलेली तीच.

"काका, एक छान काम केलंय मी. रज्जाकचाचांना एक कॅलेंडर कुरिअर केलं. पत्ता तुमच्या वहीतून अरुणाकाकूंनी दिला. किती खूश होतील ना, त्यांच्या गावचा फोटो!"

"कधी केलंस?"

"परवा. का हो?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. उकिडवे पहाटे साडेपाचला निघाले. प्रायश्चित्त घ्यायला वगैरे नव्हे. पनवेल मागे पडेपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच हिशेब होता, कुरिअर आत वाडीपर्यंत जात नाही, फाट्यावरच्या दुकानात पडून राहतं. तसंच होतं. दुकानदारानं त्यांना ओळखलं. "रज्जाककडे चाललाव? मंग हे न्या की. कालच आलंय." त्यानं गुंडाळी पुढे केली. वर अस्मिताचं गोल अक्षर.

गुंडाळी त्यांनी गाडीत पुढच्या सीटखाली सरकवली. इतकं सोपं होतं. परत जाताना कुठल्याही वळणावर टाकून देता आली असती. घाटात लोक काय काय टाकतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

वाडीत पोचले तेव्हा हमझाचं प्लॅस्टर निघालं होतं, पण मूठ पूर्ण वळत नव्हती. तो ओटीवर बसून डाव्या हातानं जाळं विणायला शिकत होता आणि अफिफा त्याची थट्टा करत होती, "आमचा नवरा नवा शिकाऊ लागलाय." होडी दुरुस्त झाली होती. रज्जाक म्हणाला, "निशानी अजून जमली नाय. काल शेजाऱ्याची होडी पन घासली. थोडक्यात वाचला."

उकिडवे उभेच होते. "श्यामभाऊ, बसा की," करिमुन्निसा म्हणाली.

त्यांनी फोन काढला, तो फोटो उघडला आणि रज्जाकच्या हातात दिला. फाट्यापासून वाडीपर्यंत बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. "ही भेग बघा," ते म्हणाले. "खालचा दगड भेगेच्या उजव्या कडेला लागून होता."

रज्जाकनं फोन लांब धरला, जवळ आणला. हमझाही उठून आला.

"हा फोटो कवाचा?"

"आम्ही आलो होतो तेव्हाचा. दगड मी पाडले. मला वाटलं टूरिस्टांनी रचलेत. वरचा लहान दगड मी समुद्रात ढकलला."

 अफिफा आत गेली. रज्जाकनं फोटो बोटांनी मोठा केला, भेग बघितली, मिनार बघितला, मग फोन परत दिला.

"म्हंजे डिसंबरात मी विचारला, तवा हा तुमच्याकडं होता."

"होता."

"दगड पाडला ते ठीक. तुमाला काय म्हाईत," रज्जाक म्हणाला. "पन मी विचारला होता."

 गाडीतून उकिडव्यांनी गुंडाळी आणली, ओटीच्या कडेला ठेवली आणि ती काय आहे तेही सांगितलं. हमझानं ती डाव्या हातानं उघडली, बघितली आणि दगडांवर बसलेल्या बायका एकेक करून बघत राहिला.

दुपारी ओहोटी लागल्यावर ते सोंडेवर गेले. हमझा शेजाऱ्याबरोबर होडीत. वर रज्जाक आणि उकिडवे. भेग सापडली, ती फोटोतल्यासारखीच होती. खालचा दगड दोघांनी उचलायचा होता, पण रज्जाक म्हणाला, "ठेवा तुमी," आणि बाजूला उभा राहिला. उकिडव्यांनी तो एकट्यानं ओढत नेला. पाठीत कळ आली, पण थांबावंसं वाटलं नाही. सहा दगड चढले. सातवा रज्जाकनं खालून शोधून आणला, जुन्यापेक्षा थोडा मोठा. खालून होडीतून हमझानं बराच वेळ बघितलं. मग हात सरळ वर केला. बरोबर.

चुना रज्जाकनं स्वतः मारला. उकिडव्यांनी ब्रशसाठी हात पुढे केला होता. तो त्याला दिसला नाही, किंवा दिसूनही त्यानं न दिसल्यासारखं केलं.

परत आल्यावर ओटीवर चहा आला. करिमुन्निसानं तो ठेवला आणि आत गेली. भाकऱ्यांचं फडकं आलं नाही. उकिडव्यांनी चहा संपवला, "येतो," म्हणाले. रज्जाकनं मान हलवली. ते गाडीत बसले तेव्हा करिमुन्निसा अंगणापर्यंत आली. तिच्या हातात गुंडाळी होती, वरच्या कागदासकट नीट रबर लावून.

"साहेब, तुमचा हा राहिला."

त्यांनी गुंडाळी घेतली. ती सीटखाली ठेवावी की वर, हे त्यांना काही क्षण ठरवता येईना. शेवटी शेजारच्या सीटवर ठेवली.

नेरूळला पोचायला आठ वाजले. लिफ्टपाशी अस्मिता उभी होती, हातात भाजीची पिशवी. समोर भिंतीवर कॅलेंडर. तिची नजर उकिडव्यांच्या हातातल्या गुंडाळीवरच्या स्वतःच्या अक्षरावर गेली.

"काका, हे तर मी पाठवलेलं. मिळालं नाही का त्यांना?"

"मिळालं. परत दिलं त्यांनी."

"परत? का?"

लिफ्ट आली, दार उघडलं. आत खालच्या पार्किंगमधून आलेले चौथ्या मजल्यावरचे दोघं होते. त्यांच्यातला एक कॅलेंडरकडे बोट करून म्हणाला, "काका, मस्त स्पॉट शोधलाय हां."

"तुम्ही जा वर," उकिडवे त्यांना म्हणाले. दार मिटलं. ते कॅलेंडरसमोर उभे राहिले, तिच्याकडे न बघता. "अस्मिता, तू ज्या दगडावर बसलीयस ना," ते म्हणाले, "त्याचं सांगतो. थांब जरा."