गवंड्याच्या घरी टीव्हीचा ओटा

पत्र बायकोने पाठवलं होतं, आणि मला ते टीव्हीवाल्यांचा फोन आला तेव्हा कळलं. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. तिने पत्रात शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. मी समोरच्या आळीत एका घराचा गिलावा करत होतो. दुकानदार धावत आला.

"गवंडी, चला लवकर. मुंबईवरनं टीव्हीवाली बाई बोलतीया."

मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. सिमेंटचे हात पायजम्याला पुसले आणि रिसीव्हर कानाला लावला.

"अभिनंदन सर! तुमच्या मिसेसचं पत्र सिलेक्ट झालंय. आम्ही तुमचं किचन बदलून देणार आहोत."

तो कार्यक्रम दुपारी लागायचा. कुणाचं तरी स्वयंपाकघर तीन दिवसांत नवं करून द्यायचे. आधी जुनं काळंकुट्ट दाखवायचे, मग घरच्या बाईच्या डोळ्यांवरची पट्टी सोडायचे, बाई रडायची आणि जाहिराती लागायच्या. केबल आल्यापासून आमच्या निरगुडसरातल्या निम्म्या बायका तेवढा अर्धा तास हातातलं काम टाकून बसत.

घरी गेलो तेव्हा बायको मेथी निवडत होती.

"पत्र तू धाडलंस?"

"धाडलं."

"मला इचारायचं तरी व्हतं."

"अकरा वरसं इचारतीया," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

ओटा कधी बांधणार, हेच ती विचारत आली होती. लग्नाच्या साली घाईत विटांचे दोन खांब उभे करून मी त्यावर कडाप्प्याच्या दोन फरशा टाकल्या होत्या. उन्हाळ्यात नीट बांधू म्हणालो. पण उन्हाळा हाच गवंड्याच्या धंद्याचा हंगाम. पारगाव, मंचर, पार नारायणगावापर्यंत मी लोकांचे ओटे बांधत फिरलो. एका बाईला डाव्या हाताला बेसिन पाहिजे होतं म्हणून चढवलेला ओटा उतरवून दिला. घरातल्या दोन फरशा मात्र तशाच राहिल्या. मधल्या फटीतून दूध सांडलं की खाली विटांवर जायचं आणि मुंग्यांची रांग लागायची.

पहिल्यांदा पाहणी करायला ती फोनवरची बाई आणि पुण्याचा एक कंत्राटदार आले. कंत्राटदाराच्या पायात पांढरेशुभ्र बूट होते. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस सिमेंट-वाळूच्या कालव्यात कधी उतरलेला नाही. तरी चांगल्या मनाने सांगितलं, "साहेब, भिंत जुनी चुन्याची आहे. फोडणीचं तेल मुरलंय. छिन्नीनं टाचे मारून नीट खरवडल्याशिवाय टाइल धरायची न्हाई."

"काका, आता केमिकल येतं. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका."

"आन् पाण्याचा ढाळ मागं काढा. मोरी मागं आहे."

"काका, तुम्ही फक्त सरप्राइज एन्जॉय करा."

चित्रीकरणाच्या दिवशी दारात जनरेटर लागला, कारण आमच्याकडे लाइटचा भरवसा नसायचा. माझ्या आईने आदल्या दिवशी पाहुणे येणार म्हणून स्वयंपाकघराला चुन्याचा हात मारला होता. कॅमेऱ्यातून बघून ती बाई म्हणाली, हे फारच स्वच्छ दिसतंय. मग त्यांच्यातल्या एकाने तव्याची काजळी फडक्यावर घेतली आणि भिंतीला फासली. आई दारातून बघत होती.

"आरं बाबा, मी कालच दिलाय की चुना!"

"आजी, शूटिंगसाठी आहे."

"शूटिंगसाठी माजं घर घाण दाखवायचं व्हय?"

तिला परड्यात बसवलं. मग बायकोला ओट्यापाशी उभं करून तिचंच पत्र वाचायला लावलं. मी ते तोवर वाचलं नव्हतं. ती एकेक शब्द अडखळत वाचत होती: "माझे मालक गवंडी आहेत. गावात मी कुणाकडे जेवायला गेले की ओटा यांनीच बांधलेला असतो. मी त्या ओट्यावरून हात फिरवून बघते आणि घरी येते."

कॅमेरा माझ्याकडे वळला.

"सर, थोडं खाली बघा ना. जरा अपराधी वाटायला पाहिजे."

मी आधीच खाली बघत होतो.

तीन दिवस घर त्यांच्या ताब्यात द्यायचं, असा नियम होता. आम्ही बायकोच्या माहेरी, आण्याला गेलो. ती भावजयींना कपाटं कशी असतील ते हाताने दाखवत होती. मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी घरी राहिलेल्या गाईला बघून येतो म्हणालो आणि सकाळची एसटी धरली. आळेफाट्याला एक, मंचरला दुसरी गाडी बदलून दुपारी घरी पोचलो आणि मागच्या खिडकीतून आत डोकावलो.

टाइल लावायचं काम चाललं होतं. भिंतीला एक टाचा मारलेला नव्हता. तेलकट चुन्यावर, कालच्या त्या काजळीवरच, टाइलच्या मागे चार कोपऱ्यांना केमिकलच्या चार टिकल्या लावून टाइल दाबत होते. मी खिडकीतून हात घालून एका टाइलवर बोट वाजवलं. रिकाम्या डब्यासारखी वाजली.

टाइल लावणारा मिस्त्री माझ्याच वयाचा, बाहेरच्या राज्यातला होता. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. धंद्याचा माणूस धंद्याच्या माणसाला हातांवरून ओळखतो.

"भाई, मुझे भी मालूम है," तो हळूच म्हणाला. "कल शाम को शूटिंग है. तीन दिन में इतना ही होता है."

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अंगणात खोकी पडली होती. एकात काचेचं झुंबर, एकात छताला लावायच्या रंगीत दिव्यांच्या माळा, एकात प्लॅस्टिकची द्राक्षं. झुंबराच्या पैशात चांगला प्लायवूड आला असता. द्राक्षांच्या पैशात निदान सांडपाण्याचा पाइप तरी मोरीपर्यंत गेला असता. कपाटाची फळी दाबलेल्या भुशाची होती, तिचा कोपरा मी चिमटीत धरून चोळला, तर बोटात बिस्किटासारखा चुरला. पांढऱ्या बुटांचा कंत्राटदार तेवढ्यात आला आणि मला बघून हात जोडायला लागला. नियम मोडला तर भाग रद्द होईल म्हणाला. भाग रद्द झाला असता तर बायकोला काय तोंड दाखवलं असतं? मी परत आण्याला गेलो. बायकोने गाय कशी आहे विचारलं, तर बरी आहे म्हणालो.

पट्टी सोडली तेव्हा बायको खरीच रडली. टीव्हीवाली बाई 'रडा' म्हणायच्या आधीच रडली. लालभडक चकाकती कपाटं, वर झुंबर, एका बाजूला उंच अरुंद काउंटर आणि त्यापुढे बारमध्ये असतात तशी दोन उंच स्टुलं. आमच्या घरात जेवायला सगळे जमिनीवर मांडी घालून बसतात. काउंटरच्या वर काचेचे पेले उलटे टांगलेले.

"ह्ये पेलं उलटं का टांगल्यात?" आईने विचारलं.

"ज्यूससाठी आहेत आजी."

"मग सरळ ठेवा की. ज्यूस सांडंल."

आईचं बोलणं नंतर कापलं. मग त्या बाईने मला पुढे ओढलं. "सर, एक गवंडी म्हणून तुम्ही या किचनला किती मार्क द्याल?"

मी टाइलच्या सांध्यांकडे बघितलं. एक रेघ सरळ नव्हती. मग बायकोकडे बघितलं. ती एका कपाटाच्या दारावर तळहात ठेवून उभी होती, आणि ते दार तिचं होतं.

"शंभर," मी म्हणालो.

संध्याकाळी जनरेटर गेला, त्याच्याबरोबर मायक्रोवेव्ह गेला, काचेची भांडी गेली, फळांची टोपली गेली. ते सगळं फक्त दाखवायचं होतं. द्राक्षं ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करायची वेळ आली. बायको बुटकी, ओटा कुणा उंच बाईच्या मापाचा. भाकरी थापायला तिला पाटावर उभं राहावं लागे. तिने थापायला सुरुवात केली की सगळी कपाटं हादरत आणि वरचं एक दार आपोआप उघडून तिच्या कपाळाला लागे. परात एकाही कपाटात मावेना. पिठाचं पिंप झोपायच्या खोलीत गेलं. धूर ओढायची चिमणी बसवली होती, पण तिचा पाइप भिंतीबाहेर काढलाच नव्हता. तो शेजारच्या कपाटात सोडला होता. लाइट असली की फोडणीचा धूर मसाल्याच्या डब्यांवर जाई आणि कपाटाच्या फटीतून परत आमच्या डोळ्यांत येई. लाइट नसली की सरळच डोळ्यांत. बेसिनच्या खालचं दार उघडलं तर आत बादली. बेसिनचा पाइप त्या बादलीत. दर चार भांड्यांमागे बादली उचलायची आणि परड्यात ओतायची.

मी रोज काहीतरी बोलायचो. "ढाळ बघ कसा काढलाय. लेव्हल तरी लावली व्हती का?" बायको म्हणायची, "तुमी जेवा गपचूप."

भाग टीव्हीवर दाखवला आणि घराला जत्रेचं रूप आलं. आधी आळीतल्या बायका, मग शेजारच्या गावातल्या, मग ओझरला गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या पाहुण्यासुद्धा वाट वाकडी करून आमच्याकडे. "टीव्हीवरचं किचन ते हेच ना?" बायको लुगड्याच्या पदराने झुंबर पुसून त्यांना दाखवायची. चहा मात्र परड्यातल्या चुलीवर करून मागच्या दाराने आणायची आणि काउंटरवर ठेवायची, जणू आतच झालाय. मला रस्त्यात लोक भेटत. "काय राव, गवंड्याच्या घरी पुण्याचा गवंडी?" मी हसायचो. आतून जीव जळायचा.

दोन-तीन महिन्यांत बादलीच्या ओलीने खालची कपाटं फुगली. दारं मिटेनात. लाल रंग पापुद्रे धरून सुटू लागला. मी कंत्राटदाराला दुकानातून फोन केला.

"काका, तो एपिसोड तर कधीच टेलिकास्ट झाला."

"एपिसोड झाला, पण आमी अजून जेवतोय की इथं," मी म्हणालो. त्याने फोन ठेवला.

मग एका दुपारी बायको आमटीला फोडणी देत असताना शेगडीच्या मागची टाइलची अख्खी ओळ एकदम खाली आली. मी ओसरीवर होतो. आवाज ऐकून आत धावलो. तेल ओट्यावर पसरलं होतं, शेगडीची काच तडकली होती, आणि बायको भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या मनगटावर तेलाचे दोन चटके होते. एखादी टाइल डोक्यात पडली असती तर, या विचाराने मी भ्यालो, आणि भीतीचा माझ्याकडे नेहमी रागच होतो.

"बास! उद्या सकाळी हे सगळं उखडतो. सांगत व्हतो पहिल्या दिवसापासनं. कुणी ऐकलं?"

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"अगं, मरशील एखाद्या दिवशी!"

"मरंन. पण वाकडं का असंना, माज्यासाठी कुणीतरी केलं व्हतं. तुमी नुसत्या चुका काढल्या. आल्यापासनं रोज चुकाच. तुमाला लई येतं, मला म्हाईतीये. मग का न्हाई केलं?"

ती परड्यात निघून गेली. मी खाली बसून काचा आणि टाइलचे तुकडे गोळा करत राहिलो. टाइलच्या मागे काजळी जशीच्या तशी चिकटलेली होती. एरवी मी ती कुणाला तरी दाखवली असती. त्या दिवशी तुकडे पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधलं.

पंधरा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. स्वयंपाक परड्यात होत होता. एका रविवारी जेवण वाढताना तिने विचारलं, "उद्यापासनं काम कुठंय?"

"पारगावला. बंगल्याचं."

"त्यांना सांगा, बारा-पंधरा दिवस जमणार न्हाई."

मी सांगितलं. बंगल्याचा मालक भडकला, दुसरा गवंडी बघतो म्हणाला. बघा म्हणालो. सोमवारी सकाळी लाल कपाटं बाहेर काढली. बायकोने झुंबर स्वतः उतरवलं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. उंच काउंटरवर आई पापड वाळत घालायची, तो काउंटर तिने काढू दिला नाही.

भिंत मी विटांपर्यंत खरवडली. मग बायकोला परात घेऊन उभं केलं आणि तिच्या कोपराची खूण भिंतीवर केली. ती म्हणाली, थापायला खालचा ओटा पाहिजे आणि शेगडीला वरचा. मी म्हणालो, असा पायरीचा ओटा कुणी करत नाही, ओबडधोबड दिसतो. ती म्हणाली, "मी उभी ऱ्हानार हाये, का तुमी?" पायरीचा केला. सांडपाणी मोरीत नेलं. रोज संध्याकाळी ओट्याला पाणी मारायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं.

अकराव्या दिवशी डब्यांसाठी भिंतीत कडाप्प्याची मांडणी बसवली. तिला बोलावलं. तिने दोन्ही ओट्यांवरून हात फिरवला, नळ सोडून पाणी जाताना बघितलं. मग मांडणीच्या वरच्या फळीकडे हात उंच केला. बोटं चार अंगुळं खाली राहिली. मी ती माझ्या उंचीने बसवली होती. सांगूनसवरून, मापं घेऊन, तरीसुद्धा.

ती हात तसाच वर करून उभी राहिली. मी तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारली, छिन्नी-हातोडी आणली आणि वरची फळी फोडायला घेतली.