कोरी बोटं

कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. कापड बेतून कापणारा तो मास्तर, हा शिवणकामातला जुना शिरस्ता. त्या टेबलापाशी बाई येऊन उभी राहिली म्हणून कुणी नवा शब्द शोधायच्या भानगडीत पडलं नाही. नव्यानं लागलेल्या कामगाराला "मास्तरांना विचारून घे" असं सांगितलं की तो मिशीवाला माणूस शोधत हॉलभर हिंडायचा, आणि ही टेबलाशी उभी राहून त्याची गंमत बघायची. विनोदबुद्धी तिला होतीच. राग त्याहून जास्त होता, पण ते पुढे येईलच.

काम गणवेशांचं. शाळांचे, इस्पितळांचे, पहारेकऱ्यांचे. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं, आखलेलं पुन्हा मापाला लावून बघायचं आणि मगच कात्री घालायची. हा खडू झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा चपटा असतो. तो बोटांना लागतो, नखांत जातो, तिथून कपड्यांना, डब्याच्या झाकणाला आणि घरच्या दिव्याच्या बटणापर्यंत पोचतो. ती शिकाऊ होती तेव्हा तिच्या गुरूनं सांगितलं होतं, कापड न बेतता कात्री चालवली की ती कुणाच्या तरी जिवावर बेतते. गुरूनं आपली एक कोटी केली होती. ती खरी होईल असं त्यालाही वाटलं नसणार.

वर्षातून एक-दोनदा मास्तर 'भरात' यायची. हा कारखान्याचा शब्द. भरात आली की खडू बाजूला पडायचा आणि ती नुसत्या नजरेनं माप घेऊन कात्री चालवायची. माप चुकायचंही नाही, हीच तर पंचाईत. शिलाईच्या बायकांची तिचे तुकडे उचलता उचलता दमछाक व्हायची. ती गात असायची, सगळ्यांना चहा पाजायची, आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तरी सकाळी टवटवीत यायची. मालक तर हरखून जायचा. तातडीच्या ऑर्डरी तो मुद्दाम त्या दिवसांसाठी अडवून ठेवायला लागला. "मास्तर भरात आहेत, मध्ये कुणी पडू नका," असं तो बजावून सांगायचा.

आणि कुणीतरी मध्ये पडायचंच. साधं "बटणं कुठली लावायची?" एवढं विचारलं तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. एकदा बटणांचा डबा भिंतीवर जाऊन फुटला. एकदा शिलाईच्या एका बाईला ती इतकं लागेल असं बोलली की ती बाई दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मग भर ओसरायचा आणि मास्तर अंथरुणाला खिळायची. केस विंचरणंही जिवावर यायचं. "कणकण आहे," असा निरोप नवरा कारखान्यात द्यायचा. थर्मामीटरला न सापडणारा हा कसला ताप, असं कुणी विचारलं नाही. भरात येणं म्हणजे कसब, चिडणं म्हणजे स्वभाव आणि झोपून राहणं म्हणजे कणकण. एकाच अंगरख्याचे तीन तुकडे लोकांनी तीन वेगळ्या खणांत घालून ठेवले होते, आणि शिवणाऱ्यांनी भरलेल्या त्या कारखान्यात ते एकमेकांना जोडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

घरी नवरा आणि मुलगी. नवरा बसचालक, स्वभावानं थंड. बायकोचा आवाज चढायला लागला की तो रेडिओ बारीक करायचा आणि मुलीला हळूच म्हणायचा, "जरा दुकानात जाऊन ये बघू." काय आणायचं हे त्याला कधी सुचायचं नाही, म्हणून मुलगी काडेपेटी घेऊन यायची. स्वयंपाकघरातल्या फळीवर काडेपेट्यांची रास झाली होती. पाहुण्यांना वाटायचं, ही माणसं काटकसरीची आहेत, एकदम माल भरून ठेवतात.

मग तो दुपारचा प्रसंग घडला. मास्तर भरात होती आणि घरी होती. शाळेच्या कार्यक्रमासाठी मुलीला झगा शिवायचा म्हणून तिनं बैठकीतले पडदे ओढून काढले आणि खडू न लावता सरळ कापायला घेतले. मुलगी दारातून आत आली. "आई, हे पडदे आहेत. मला नकोय याचा झगा," एवढंच ती म्हणाली. पुढचं मास्तरला तुटक तुटक आठवतं. कात्री हातातून सुटली आणि मुलीच्या कानाशेजारून जाऊन कपाटाच्या दारात घुसली. मुलगी ओरडली नाही. तिनं दप्तर उचललं आणि ती मावशीकडे राहायला गेली. या वेळी तिला दुकानात पाठवावं लागलं नाही.

नवऱ्यानं कपाटाच्या दारातलं भोक बुजवायला लांबीचा डबा आणला. मास्तरनं त्याच्या हातातून डबा काढून घेतला. "अहो, राहू द्या ते तसंच. बुजवलं की मी विसरेन," ती म्हणाली. आणि त्याच आठवड्यात ती स्वतःच्या पायानं मनाच्या डॉक्टरांकडे गेली. लोक काय म्हणतील हा विचार तिच्या मनात आला होता. तो तिनं जिन्यात सोडून दिला.

डॉक्टरीण तिच्याहून वयानं लहान होती. मास्तरनं सांगितलं, "मला राग फार येतो, त्याच्यावर काहीतरी द्या." डॉक्टरीण म्हणाली, "राग मोठ्यानं बोलतो म्हणून तो सगळ्यांना दिसतो. त्याच्या आधी काय होतं ते सांगा." ते मास्तरला सांगता येईना. नवराही नुसता छताकडे बघत बसला. तेव्हा पुढच्या खेपेला मुलीला बोलावलं. ती आली, पण आईच्या शेजारची खुर्ची सोडून भिंतीकडच्या खुर्चीवर बसली.

"आई चिडायच्या आधी काही दिवस खडू वापरत नाही," मुलगी म्हणाली. "मी लहान असताना तिनं जवळ घेतलं की माझ्या फ्रॉकवर तिची पांढरी बोटं उठायची. ज्या दिवशी उठायची नाहीत, त्या दिवशी मी शेजारच्यांकडे अभ्यासाला जायचे."

मास्तरला ते आता कळलं. आपण जिला माया समजत होतो ती माया ही पोर रोज तपासून घेत होती, धुतलेल्या कपड्यावरचा डाग तपासावा तशी. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरिणीनं आजाराला नाव दिलं. हा मूडचा आजार आहे, त्यात मन कधी वर चढत जातं आणि कधी खाली बसतं. चढताना माणसाला झकास वाटतं, म्हणून तेव्हा कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. गोळ्या नेमानं घ्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं, ठरल्या वेळी झोपायचं. आणि चढायला लागलं की त्याच दिवशी यायचं, डबा फुटायची वाट बघायची नाही. मास्तरनं विचारलं, "मग माझा खरा राग कुठला आणि आजाराचा कुठला?" डॉक्टरीण हसली. "खरा राग दोन दिवसांनी सुद्धा खराच असतो. घाई नसेल तर थांबवून बघा."

गोळ्या मास्तरला आवडल्या असं कोण म्हणेल? तोंडाला कोरड पडायची. सुरुवातीला हात किंचित थरथरायचा आणि आखलेली रेघ नागमोडी यायची, ती पुसून पुन्हा आखावी लागायची. बरं, गाणं गेलं. भरातली ती धुंदी गेली, आणि तिची तिला आठवण यायची, अगदी माहेरच्या माणसासारखी. पण तिनं मनाशी पक्कं केलं होतं. इस्त्रीवाल्या काकांना तिनं सांगून ठेवलं, "माझी बोटं कोरी दिसली की कात्री तुमच्याकडे देणार. मागितली तरी द्यायची नाही." काका कारखान्यातले सगळ्यांत जुने आणि कानांनी अधू. त्यांच्याशी भांडणं कुणालाच परवडायचं नाही, कारण प्रत्येक शिवी दोनदा द्यावी लागायची. मास्तरनं माणूस बरोबर हेरला होता.

महिने गेले. मुलगी अधूनमधून जेवायला यायला लागली, पण मुक्कामाला थांबायची नाही. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "शनिवारी येईन राहायला. बघू." त्या 'बघू'वर मास्तरनं पुढचा सगळा आठवडा काढला. मुलीची चादर धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. यापलीकडे तिला जगाकडून काही नको होतं.

आणि नेमकी शनिवारीच इस्पितळाच्या गणवेशांची तातडीची ऑर्डर येऊन पडली. सकाळपासून मास्तरचा हात हलका चालत होता. खिडकीतलं ऊन छान दिसत होतं, कापड छान दिसत होतं, शिलाईची यंत्रं तालात वाजत होती. आदल्या दोन रात्री झोप कमी झाली होती, पण थकवा कसला तो नव्हताच. लेक येणार म्हणून आनंद होतोय, असं तिनं स्वतःला समजावलं. कापलेल्या तुकड्यांचा ढीग वाढत गेला. मालक दोनदा येऊन बघून गेला आणि दोन्ही वेळा हात चोळत परतला.

जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण काढताना तिचं लक्ष गेलं. झाकण स्वच्छ होतं. बोटं कोरी होती.

ती बराच वेळ बोटांकडे बघत बसली. अंगात इतकं सुख होतं की रडू येत होतं. बरं वाटत असताना आपण आजारी आहोत असं म्हणायचं, तेही सगळं काम मापात उतरत असताना, हे फार अवघड आहे. दुखणारा दात दाखवायला कुणीही जाईल. एक मन म्हणत होतं, आजचा दिवस जाऊ दे, ऑर्डर संपू दे, लेक येऊन जाऊ दे. तिला हे मन ओळखीचं वाटलं. त्यानंच पडदे कापायला सांगितले होते.

ती उठली आणि कात्री काकांच्या इस्त्रीच्या टेबलावर नेऊन ठेवली. "काका, कोरी आहेत," असं म्हणून तिनं हात पुढे केले. काकांनी ऐकलं की नुसतं बघितलं कोण जाणे. त्यांनी कात्री इस्त्रीच्या कापडाखाली सरकवली आणि कॉलर दाबायला घेतली.

मालक धावत आला. "मास्तर, हे काय? आज तर तुम्ही अगदी भरात आहात."

"म्हणूनच निघालेय."

"अहो, ऑर्डर कोण पुरी करणार? तुमच्या भरवशावर मी शब्द देऊन बसलोय. तुम्हाला बरं नसतं तेव्हा मी कधी काही बोललो का? आणि आज चांगल्या आहात तर चाललात?"

हा माणूस वर्षानुवर्षं तिच्या दुखण्यावर ऑर्डरी उरकत आला होता, आणि त्याला तो आपला मोठेपणा वाटत होता. शब्द जिभेवर येऊन उभे राहिले, धारदार, एकाहून एक. तिनं टेबलाची कड घट्ट धरली, मग सोडली, आणि दोन पावलं मागे सरली.

"मालक, तुमचा मला राग आलाय. बहुतेक तो खरा आहे. पण आज मी तो काढणार नाही. सोमवारी बघते, उरला तर काढते."

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात ती जिना उतरलीसुद्धा. (उरला होता. पुढे यथावकाश तिनं तो काढला, बसून, हळू आवाजात. त्यानंतर मालकानं ऑर्डरी अडवून ठेवणं बंद केलं.)

डॉक्टरिणीनं गोळ्यांचं प्रमाण बदललं, झोपेची एक गोळी दिली, आणि मी सांगेपर्यंत कात्री हातात घ्यायची नाही असं निक्षून सांगितलं. मास्तर घरी आली तेव्हा नवरा पोळ्यांना कणीक भिजवत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो हात धुवून तिच्यासमोर बसला.

"आज तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "एवढ्या दिवसांनी येतेय. कळलं तर दारातूनच परत जाईल. उद्या सांग हवं तर."

"उद्या सांगितलं तर ती आज मला फसून आत आली असं होईल."

"आणि गेली तर?"

"तर गेली," मास्तर म्हणाली. आणि उठून तिनं मुलीच्या चादरीची घडी पुन्हा घातली.

संध्याकाळी दार वाजलं. मुलगी खांद्याला पिशवी लावून उभी होती. आत येण्याआधी तिची नजर सवयीनं आईच्या हातांकडे गेली आणि चेहरा बदलला. मास्तरनं हात मागे घेतले नाहीत. तळवे वर करून पुढे धरले.

"आज कोरी आहेत," ती म्हणाली. "दुपारी माझ्या लक्षात आलं. कात्री काकांकडे दिली, डॉक्टरांकडे जाऊन आले, गोळी बदललीय. आतून मला अजून खूप छान वाटतंय, म्हणजे अजून उतरलेलं नाही. तुला राहायचं नसेल तर बाबा मावशीकडे सोडतील. मला वाईट वाटेल, पण मी रागावणार नाही."

मुलगी उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. "आणि रागावलीस तर?"

"तर दुकानात मी जाईन. तू घरात थांबायचं."

मुलीनं आईकडे बघितलं, मग आत बाबांकडे. ते रेडिओजवळ उभे होते, पण त्यांनी आवाज बारीक केला नव्हता. मग तिनं चपला काढल्या, आत आली, आणि भोक पडलेल्या कपाटाला टेकवून पिशवी ठेवली.

"गेलीस तर काडेपेटी आणू नकोस," ती म्हणाली. "घरात खूप आहेत."